बेंद्रे येणार

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि सगळं शहर भविष्यकाळात बोलत होतं. इथे पूल होणार, तिथे बंगले होणार, धानाच्या शेतांत नवीन शहर उभं राहणार. मंत्रालय तेवढं वर्तमानकाळात होतं, पण तेही एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. रिक्षावाले मात्र थांबायला तयार नव्हते. ते आजच जास्त भाडं मागत आणि म्हणत, "अब राजधानी है, भैया."

मला स्वतःला भविष्यकाळ कोणी शिकवलेलाच नव्हता. वणीच्या पुढे आमचं गाव. गावात शाळा आठवीपर्यंत, पुढची शाळा नऊ किलोमीटरवर. सायकल एक आणि भाऊ दोन. थोरल्याला डोकं आहे असं घरात आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे सायकलही त्यालाच. मी नववीत दिवाळीपर्यंत पायी गेलो. इंग्रजीच्या मास्तरांनी तोवर वर्तमानकाळ आणि भूतकाळ संपवले होते. भविष्यकाळ दिवाळीनंतर होता. मी दिवाळीनंतर गेलो नाही.

पुढे दहा वर्षं जमेल ते काम करत रायपूरला आलो आणि सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या प्लांटमध्ये गेस्ट हाउसवर लागलो. चार खोल्या, एक स्वयंपाकघर, बाहेर चार मोगऱ्याची झाडं, आणि त्या झाडांवर प्लांटची काळी धूळ. मोगरा पांढरा असतो हे तिथल्या लोकांना ऐकून माहीत होतं. स्वयंपाक, चादरी, चहा, साहेबलोकांची सरबराई, सगळं मीच. नोकरी कच्ची होती, आणि कच्च्या नोकरीत मी एकच शब्द पाठ केला होता, तो म्हणजे 'हव'. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. पंखा दुरुस्त करशील? हव. बंगाली रसा येतो? हव. मॅनेजर साहेबांनी मला ठेवून घेतलं याचे उपकार मी दिवसातून पाच वेळा तरी मनात आठवत असे, आणि सहाव्यांदा ते काढून टाकतील याची भीती. त्यामुळे एक दिवस त्यांनी विचारलं, "क्यों भाऊ, मेक्सिको से साहब आ रहा है. थोड़ा स्पेनिश-विस्पेनिश संभाल लोगे?" तेव्हा तोंडातून निघून गेलं, "हव."

मेक्सिको कुठे आहे ते मी बसमध्ये शेजारच्या फिटरला विचारलं. तो म्हणाला, अमेरिकेच्या खाली. मला वाटलं, तळमजल्यावर असेल.

साहेब आले. प्लांटमध्ये भट्टीची नवी यंत्रणा बसवायची होती, तिचे ते जाणकार. पन्नाशीचे, बुटके, जाड मिशीचे. आमच्या वणीच्या बाजारात बैलांच्या दावणीला उभे केले असते तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. सगळे त्यांना सिन्योर म्हणत. सिन्योर म्हणजेच साहेब, पण आम्ही 'सिन्योर साहब' म्हणायचो, म्हणजे साहेब साहेब. त्यांच्यासोबत कलकत्त्याहून एक दुभाषे दादा आले होते, पण ते तीन आठवड्यांपुरतेच.

खाण्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला. मी माझ्यासाठी केलेला हिरव्या मिरच्यांचा ठेचा त्यांनी ताटलीत ओढून घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून हसले. मक्याची भाकर पाहिली तेव्हा तर तिला हात लावून काहीतरी पुटपुटले, घरचं माणूस भेटल्यासारखं. अडचण फक्त मंगळवारची होती. गेस्ट हाउसमध्ये मंगळवारी अंडं-मटण शिजवायचं नाही असा मॅनेजर साहेबांचा दंडक. मी दुभाष्या दादांकडून वार लिहून घेऊन भिंतीवर जेवणाचा कागद लावला होता. लूनेस, अंडाकरी. मार्तेस, फक्त भाजी. सिन्योर रोज तो कागद वाचायचे आणि मार्तेसपाशी आले की माझ्याकडे असं पाहायचे, जणू मंगळवार मीच काढला.

खरी अडचण येण्या-जाण्याची झाली.

मी रायपुरातल्या तात्यापाऱ्यात राहायचो. प्लांटची परतीची बस संध्याकाळी सहाला सुटायची. निघताना सिन्योरना काहीतरी म्हणायला पाहिजे, नाहीतर बरं दिसत नाही. आपण काय म्हणतो? 'येतो.' मी दुभाष्या दादांना हिंदीत विचारलं, "मैं आता हूँ, स्पेनिश में?" ते म्हणाले, "बेंगो." लिहितात व्ही आणि म्हणतात ब. मला वाटलं, दादा बंगाली आहेत म्हणून तसं म्हणतात. पण नाही, सिन्योरही तसंच म्हणत. मग मी रोज सहाला दारात उभं राहून म्हणायचो, "बेंगो, सिन्योर," आणि बस पकडायचो.

पाचव्या दिवशी दादांनी मला बाजूला घेतलं. "तुम साहब को क्या बोलता है शाम को? साहब रोज बैठा रहता है. बोलता है, ये लड़का बोलता है मैं आ रहा हूँ, और फिर चला जाता है. कल चाय का दो कप लेके बैठा था."

एक कच्चा नोकर एका परदेशी साहेबाला चार दिवस वाट पाहत बसवून ठेवतो, याची शिक्षा काय असेल याचा हिशोबच लागेना.

उलट्या बाजूनेही तेच झालं होतं. दुपारचं जेवण लागलं की मी त्यांचं दार वाजवायचो. आतून आवाज यायचा, "बोय, बोय!" दादांनी शब्दांची यादी दिली होती, तिच्यात बोय म्हणजे 'मी जातो'. जेवायला बोलावलं तर हे म्हणतात जातो! मी ताट झाकलं, गेटवर फोन केला, जीप मागवली. सिन्योर चपला घालून, हात धुऊन, भुकेने बाहेर आले, तर दाराशी जीप घुरघुरत उभी आणि ड्रायव्हर सलाम करतोय.

तेव्हा दादांनी दोघांना समोरासमोर बसवून उलगडा केला. त्यांच्याकडे कोणी बोलावलं की 'येतो' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात. आणि मी सांगितलं की आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. जातो हा शब्द माणसाच्या बाबतीत एकदाच वापरायचा असतो, आणि तोही दुसऱ्यांनी. दादांनी हे सांगितलं तसे सिन्योर मांडीवर थाप मारून हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, तो शब्द मला शिकवा. त्या दिवसापासून सकाळी भट्टीकडे निघताना ते दारात थांबून, छातीवर हात ठेवून म्हणायचे, "येतो." गावाबाहेर माझा मराठीत निरोप घेणारा पहिला माणूस मेक्सिकोचा निघाला. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतली पोरं तर मी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायची.

तीन आठवडे झाले, दादा कलकत्त्याला गेले. टेबलाच्या खणात एक पातळ पुस्तक विसरून गेले. ते नुसत्या स्पॅनिश क्रियापदांच्या रूपांचं होतं. सिन्योरचं काम अजून पंधरा दिवस होतं. आणि त्याच आठवड्यात मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं.

"देखो भाऊ," ते म्हणाले, "ये साहब गया, तो गेस्ट हाउस में ताला. खाली बिल्डिंग के लिए आदमी कौन रखेगा? हाँ, दूसरी बार आनेवाला होगा तो बात अलग. तुम तो स्पेनिश जानते हो. पूछ के बताओ, आएगा क्या."

"हव," मी म्हणालो.

माझी नोकरी आता एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य भविष्यकाळातलं होतं.

तात्यापाऱ्यात माझी खोली ज्यांच्या अंगणात होती त्या काकू मूळच्या नागपूरकडच्या घराण्यातल्या, पण जन्म रायपूरचा. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. स्पॅनिशचं अक्षर ठाऊक नाही, पण 'चालवा' म्हटलं की जगातलं काहीही चालवायच्या. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळी हकीकत सांगितली.

"तुले काय पायजे? येणे, बरोबर? हे पाय, इथं हाय. हे तर रूपं चालवलेली हायेत रे! एकवचन, अनेकवचन. काहून घाबरून राहिला?" चष्मा पुसून त्यांनी बोट ठेवलं. "वाच."

"व्हेंद्रे. म्हणजे ते ब म्हणतात. बेंद्रे."

"काय?"

"बेंद्रे. मी येईन."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी येईन म्हंजे बेंद्रे? अरे, बेंद्रे तं आडनाव हाय!"

"पुस्तकात तसंच आहे, काकू."

"मंग पुढं?"

"तू येशील, बेंद्रास. तो येईल, बेंद्रा. आम्ही येऊ, बेंद्रेमोस. ते येतील, बेंद्रान." मधलं एक रूप होतं, बेंद्रेइस, ते सिन्योरच्या देशात कोणी वापरत नाही असं दादांनी शाईने खोडून ठेवलं होतं. मला तेवढाच दिलासा. सहातलं एक कमी.

मला एक गोष्ट पटत नव्हती. मूळ शब्द 'बेनिर'. त्यात द नाही. भविष्यकाळात मधेच द कुठून आला? काकू म्हणाल्या, "आपल्यात 'ये' चं 'आला' होते, तवा तू विचारलं का, आ कुठून आला? अरे, भाषेत असा कोनी पाव्हणा येते आन् राहून जाते. घरात नाही का येत?"

मी त्यांच्या अंगणातल्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहत होतो. ते मला लागलं नाही असं म्हणणार नाही, पण द बद्दल मला तेव्हापासून आपुलकी आहे.

मग रोज संध्याकाळी अंगणात पाठांतर. काकू तांदूळ निवडत आणि मी उभा राहून: बेंद्रे, बेंद्रास, बेंद्रा, बेंद्रेमोस, बेंद्रान. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून डोकं काढलं.

"काकू, कोन बेंद्रे येऊन राहिले हो तुमच्याकडं? रोज नाव आयकतो."

"कोनी नाही, अभ्यास चालू हाय."

"अभ्यास!" वहिनी हसल्या. "मले कायले बनवता? ह्या पोट्ट्याचं जुळलं वाटते. बेंद्र्यांची पोट्टी पायली का?"

दोन दिवसांत साऱ्या गल्लीला माहीत झालं की बेंद्रे येणार. किराणा दुकानदाराने मला विचारलं, "बेंद्रे जी कब आ रहे हैं?" मी म्हणालो, तेच तर विचारायचंय.

प्रश्न तयार झाला. "उस्तेद बेंद्रा?" म्हणजे, आपण याल का? आदराला 'तो'चंच रूप लागतं. दोनच शब्द. एका सकाळी भाकर वाढताना मी ते तव्यावर टाकावे तसे टाकले.

"उस्तेद… बेंद्रा?"

सिन्योरनी घास थांबवला. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते खूप काही बोलले. त्यातलं जे हातवाऱ्यांनी कळलं ते असं: शाब्बास, पण असं कोणी बोलत नाही. असं चर्चमधले पाद्री बोलतात. त्यांनी हात जोडून, डोळे वर करून, पाद्र्यासारखा लांब आवाज काढून दाखवला, "बेंद्राआआ!" आठ दिवसांचं पाठांतर पाद्र्याचं निघालं. मग ते साध्या आवाजात, माझ्या दंडाला धरून म्हणाले, "बोय आ बेनिर."

बोय! मला फक्त बोय ऐकू आलं. जातो. ताट तिथेच ठेवून मी मोरीत जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी काकूंना सांगितलं. त्यांनी वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं. "बोय म्हंजे जातो. बेनिर म्हंजे येणे. बरोबर? आन् मधात एक 'आ'." त्या तांदळाचं सूप बाजूला ठेवून हसायला लागल्या. "अरे येड्या, जाऊन येतो म्हन्ते तो! आपल्यावानीच!"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांपुढे उभा राहिलो. "साहब, पूछ लिया. बोले, जाके आएंगे."

"सब जाके ही आते हैं, भाऊ. बिना जाए कौन आता है? तारीख बोला?"

तारीख बोलले नव्हते.

"तो महीने के आखिर तक देखेंगे," साहेब म्हणाले. देखेंगे. त्यांचं हे रूप मी तोवर चांगलंच ओळखत होतो.

सिन्योर गेले त्या दिवशी गेटवर सगळे जमले होते. त्यांनी मला मिठी मारली, छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "येतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "देखो, मराठी में बोला, वापस आएगा!" असं ड्रायव्हर म्हणाला. तिथे उभ्या असलेल्या वीस माणसांत त्या शब्दाचा अर्थ मला एकट्याला ठाऊक होता. येतो म्हणजे जातो. मीच शिकवलं होतं. ते खरंच येणार होते की चांगल्या माणसासारखे रीत पाळत होते, हे विचारायची सोय मी स्वतःच घालवून बसलो होतो.

मग महिना संपायची वाट पाहणं. रोज चार खोल्या झाडायच्या, कोणी न वापरलेल्या चादरी बदलायच्या. भिंतीवरचा वारांचा कागद काढायला हात होईना.

महिन्याचा शेवटचा आठवडा, शुक्रवार. मी दुपारी भाजी आणायला बाजूच्या गावात गेलो होतो. गेस्ट हाउसमध्ये कोणी नसलं की फोन गेटवर वाजायचा. परत आलो तर गेटवरचे कका, म्हणजे आमचे म्हातारे छत्तीसगढी चौकीदार, खुर्चीवरून उठून उभे. ते कधी कोणासाठी उठत नसत.

"बइठ बाबू," ते म्हणाले. "तोर फोन आय रहिस. दुरिहा ले." लांबून.

"कोणाचा, कका?"

"नाव नइ बताइस. तोला पूछत रहिस. आवाज कटत रहिस. बस अतके कहिस…" ककांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेंद्रे मरत हे."

बेंद्रे मरतोय.

आता मला विचाराल तर आमच्या साऱ्या गोतावळ्यात बेंद्रे नावाचं माणूस नाही. पण लांब राहणाऱ्याला असा निरोप आला की तो आधी घाबरतो आणि मग माणूस शोधतो. आत्याच्या सासरकडे कोणी असतील. थोरल्याच्या सोयऱ्यांत असतील. गावात फोन नव्हता, चौफुलीवरच्या दुकानातून कोणीतरी लावला असणार, पैसे संपत असणार, म्हणून आवाज तुटत होता. पंधरा मिनिटांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बेंद्र्यांनी माझं काय वाईट केलं होतं?

मॅनेजर साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. "जाओ भाऊ, जाओ. ऐसे टाइम में घर पे रहना चाहिए. आराम से जाओ. वापस आने की कोई जल्दी नहीं."

मी हात जोडले. किती मोठ्या मनाचा माणूस! बस शहरात शिरेपर्यंत मी त्यांचे उपकार मानत होतो. घड्याळ चौकाच्या आसपास माझ्या लक्षात आलं की वापस येण्याची कोई जल्दी नहीं म्हणजे काय ते.

खोलीवर पिशवी भरत होतो. काकू दारात आल्या. मी सांगितलं.

"कोन बेंद्रे?"

"माहीत नाही, काकू. आत्याकडचे असतील."

"माहीत नाही आन् रडून राहिला?" काकू उंबऱ्यावर बसल्या. "काय म्हनला तो फोनवर? नीट सांग. जसंच्या तसं."

"बेंद्रे मरत हे."

"मराठीत बोलला का?"

"कका म्हणाले, दोनदा तेच बोलला. सावकाश. बेंद्रे. मरत हे."

"पुन्हा म्हन."

"बेंद्रे. मरत हे."

"भरभर म्हन रे, मास्तरीण समोर बसली हाय असं समजून. बेंद्रे, बेंद्रास…"

"बेंद्रे, बेंद्रास, बेंद्रा…" मी म्हणालो, आणि थांबलो. हातातला सदरा खाली पडला. भिंतीवरचा तो कागद डोळ्यांपुढे आला. लूनेस, अंडाकरी. मार्तेस, फक्त भाजी.

बेंद्रे, मार्तेस. मंगळवारी येईन.

आणि बोय आ बेनिर नाही. पाद्र्यासारखं, पुस्तकातलं, मी शिकलो तेच रूप. फोनवर हातवारे दिसत नाहीत, म्हणून त्यांनी मला नक्की कळेल असंच वाक्य निवडलं होतं. जगात एकाच माणसासाठी, आणि ते नेमकं ककांनी उचललं.

शनिवारी सकाळी पहिल्या बसने मी मॅनेजर साहेबांच्या दारात.

"अरे! गए नहीं?"

"साहब, कोई मर नहीं रहा. बेंद्रे आदमी नहीं है."

"फिर?"

"बेंद्रे क्रिया है, साहब."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दया आली. "हाँ भाऊ, मरा है तो क्रिया तो होगी ही. तेरहवीं तक रुक के आते."

"वो क्रिया नहीं साहब, व्याकरणवाली! भविष्यकाल! बेंद्रे मतलब मैं आऊंगा. मार्तेस मतलब मंगल. सिन्योर साहब मंगल को आ रहे हैं!"

त्यांनी माझ्यापुढे पुन्हा पाण्याचा ग्लास सरकवला. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं हे त्यांनी ऐकलेलं असावं. शेवटी म्हणाले, "ठीक है. मंगल तक ताला नहीं लगेगा. मंगल को कोई नहीं आया, तो बुध को तुम भी मत आना." मी त्यांचे आभार मानले. मला सवयच होती.

मंगळवारी मी पहाटेपासून गेस्ट हाउसवर. येताना गेटवर ककांना एवढंच सांगितलं होतं की बेंद्रे मरत नाही, आज येतोय. चार खोल्या, मोगऱ्यावर पाणी, दोन कप बाहेर काढून ठेवलेले. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला गेटवरून फोन. कका.

"बाबू, ओ सिन्योर साहब फेर आय हे. मोर रजिस्टर म बेंद्रे लिखाय हे. मैं पूछेंव, बेंद्रे? त कहत हे, नहीं. बीने. ए बीने कोन हरे?"

मी पळत गेलो. गेटवर टॅक्सीजवळ मिशीवाले सिन्योर उभे, आणि कका त्यांना ओळखत असूनही, नाव जुळत नाही म्हणून, रजिस्टर आडवं धरून त्यांना आत सोडत नव्हते. सिन्योर स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ओरडत होते, "बेंद्रे नो! बीने! या बीने!" त्या पुस्तकात खालच्या ओळीत ते रूप मी पाहिलं होतं. येईन नव्हे. आलो. आलोच ना मी!

ककांनी माझ्या सांगण्यावरून रजिस्टरात 'बेंद्रे' खोडून वर 'बीने' लिहिलं. नाव बदलल्याबद्दल सिन्योरना सही करायला लावली. आत आल्यावर त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, वार मोजला आणि कपाळावर हात मारला. दहा दिवसांच्या मुक्कामाची सुरुवात फक्त भाजीने झाली.

हे दहा दिवस लौकर संपले. निघायच्या सकाळी मॅनेजर साहेब स्वतः गेस्ट हाउसवर आले. गाडी लागलेली. साहेबांनी मला कोपराने ढोसलं. "पूछो, फिर आएगा क्या? साफ-साफ पूछना. उसी पे है सब."

मी विचारलं. आता पाद्र्याची भाषा नाही, साधी. सिन्योरनी माझ्याकडे पाहिलं. भट्टी चालू झाली होती, त्यांचं काम संपलं होतं. खांदे थोडे वर उचलून, हळू आवाजात, अगदी खरं बोलावं तसं ते म्हणाले, "नो से."

नो से म्हणजे माहीत नाही. हे मला पहिल्या आठवड्यापासून येत होतं. मीच सगळ्यात जास्त वेळा वापरलेलं वाक्य होतं ते.

"क्या बोला?" साहेबांनी विचारलं.

"बोले, आएंगे."

"इतना छोटा?"

"स्पेनिश में भविष्यकाल छोटा होता है, साहब."

साहेबांनी मान हलवली. गेस्ट हाउसला ताला लागला नाही. सिन्योर त्यानंतर आले नाहीत, पण त्यांच्यासाठी उघड्या ठेवलेल्या खोल्यांत कोरियाचे आले, जर्मनीचे आले, भिलाईचे आले, आणि मी सगळ्यांना भाकर खाऊ घातली. मला पक्कं करण्याबद्दल साहेब निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले, करेंगे. वारांचा कागद अजून भिंतीवर आहे. धुरकटलाय. मंगळवारी नवीन पाहुणा आला की मला विचारतो, हे मार्तेस म्हणजे काय? मी सांगतो, फक्त भाजी.